कॅमेरा रुसतो तेव्हा



डिजिटल एसएलआर कॅमेरा हे एके काळी वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांचेच आयुध होते. कोडॅक कंपनीने १९९१ मध्ये निकॉनच्या एफ-३ या फिल्म कॅमेऱ्याला आपली जोडणी देऊन असा पहिला कॅमेरा बाजारात आणला, तेव्हा चित्रे साठवण्याची पेटी निराळी खांद्याला अडकवून हिंडावे लागे. पुढे २००३ मध्ये कॅननने ३००डी काढला, किंमत एक हजार अमेरिकी डॉलरांच्या आत आणली, आणि हळूहळू हे यंत्र डॉक्टर, शिक्षक, व्यापारी यांच्या घरांत शिरले. आता कंपन्यांचा ओढा बिनआरशाच्या कॅमेऱ्यांकडे आहे आणि खिशात मोबाइल आहेच. त्यामुळे पुष्कळ घरांत हा कॅमेरा कपाटात गेला आहे, आणि 'बिघडला' एवढ्या एका शब्दावर तो तेथे कायमचा राहतो. आज या एका शब्दाचीच झडती घ्यावयाची आहे. आमचे म्हणणे असे की, अशा कॅमेऱ्याचा पुष्कळदा रुसवा असतो, आणि रुसव्याचे कारण तो आपल्या परीने सांगतही असतो. आपण मात्र ते ऐकण्याआधी हात घालतो, आणि खरे नुकसान तेथे होते.

प्रथम यंत्राची रचना थोडक्यात पाहू. लेन्समधून आलेला प्रकाश आत तिरप्या बसवलेल्या आरशावर पडतो, तेथून वर जाऊन एका पैलूदार काचेतून वळतो आणि आपल्या डोळ्याशी येतो. बटण दाबले की आरसा उचलला जातो, मागचा पडदा, म्हणजे शटर, उघडतो, आणि प्रकाश सेन्सरवर पडतो. नेत्रिकेतून दिसते ते आरशाचे आणि चित्रात उमटते ते सेन्सरचे, एवढा भेद ध्यानात ठेवला तर निम्म्या शंका घरबसल्या फिटतात. नेत्रिकेतून काळे ठिपके दिसतात, पण चित्र स्वच्छ येते? मग धूळ आरशावर किंवा वरच्या काचेवर आहे; चित्राला तिचा उपद्रव नाही. नेत्रिकेतून सारे अंधुक दिसते, पण चित्र रेखीव येते? मग नेत्रिकेशेजारची बारीक चकती फिरली आहे. चष्म्याच्या नंबराप्रमाणे दृष्टी जुळवून घेण्यासाठीच ती असते.

आता कॅमेरा मुळीच चालू होत नाही, ही पहिली तक्रार. येथे एक क्रम पाळावा: फुकटचा उपाय आधी, खर्चाचा नंतर, बाहेरचे आधी, आतले नंतर, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कॅमेरा सुरू होईलही, पण दुखणे कशाचे होते ते कळणार नाही. बॅटरी पुन्हा भरावी, तिचे धातूचे टोक कोरड्या सुती कापडाने पुसावे, आणि बॅटरीचे झाकण नीट बसले आहे ना ते पाहावे. पुष्कळ कॅमेऱ्यांत या झाकणाखाली एक लहानशी कळ असते. झाकण अर्धवट राहिले तर कॅमेरा जागा होत नाही. एवढ्याने भागले नाही, तर दुसऱ्याची तशीच बॅटरी मागून घालून पाहावी. वर्षानुवर्षे पडून राहिलेली लिथियम बॅटरी मरते. कॅमेरा मरतोच असे नाही.

दुसरी तक्रार, बटण दाबले तरी चित्र निघत नाही. याचे सर्वांत साधे कारण म्हणजे फोकस सापडलेला नाही, आणि तो सापडल्याखेरीज शटर उघडायचे नाही अशी कॅमेऱ्याला आज्ञा असते. फोकस साधायला कॅमेऱ्याला उजेड-अंधाराचा काठ लागतो. कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर त्याला काहीच हाती लागत नाही. भिंतीवरच्या चौकटीच्या कडेवर रोखा, लगेच जुळेल. फार जवळ गेले तरी हेच होते. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ ची लेन्स साधारण २५ सेंटिमीटरच्या आतले टिपत नाही, आणि हे अंतर मोजायचे ते लेन्सच्या तोंडापासून नव्हे, सेन्सरपासून. कॅमेऱ्याच्या माथ्यावर वर्तुळ आणि त्याला छेदणारी रेघ अशी खूण असते, ती याचसाठी.

कधी पडद्यावर सांकेतिक अक्षरे येतात. कॅननवर 'एरर ०१' आले तर कॅमेरा आणि लेन्स यांचे बोलणे तुटले आहे असे समजावे. कॅमेरा बंद करून लेन्स काढावी आणि तिच्या मागचे सोनेरी टोक हलके पुसावे. निकॉनवर जुनी लेन्स लावल्यावर 'एफ-ई-ई' अशी तीन अक्षरे लुकलुकली, तर लेन्सवरचे छिद्राचे कडे सर्वांत मोठ्या आकड्यावर नेऊन अडकवावे. लोक या अक्षरांना भितात. वास्तविक ती कॅमेऱ्याची मातृभाषा आहे.

तिसरी तक्रार, चित्रे हललेली येतात. जुना ठोकताळा असा की, लेन्स जितक्या मिलिमीटरची, तितका शटरचा भाजक असावा; आणि लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात तो दीडपट धरावा. म्हणजे ५० मिलिमीटरला १/८० सेकंद किंवा त्याहून जलद. सगळीच चित्रे काळवंडत असतील, तर उजेड कमी-अधिक करण्याचा आकडा शून्यावर आहे का ते पाहावे. मागच्या खेपेचा आकडा तसाच राहून जातो.

येथवर चूक झाली तरी फारसे बिघडत नाही. यापुढे दोन जागा अशा आहेत की, तेथे हात आवरलाच पाहिजे. पहिली जागा सेन्सरची. प्रत्येक चित्रात एकाच ठिकाणी करडा ठिपका येत असेल, आणि एफ १६ ला तो ठळक व एफ २.८ ला नाहीसा होत असेल, तर ती सेन्सरवरची धूळ होय. प्रतिमा आत उलटी पडते, म्हणून चित्रात ठिपका वर असला तर धूळ खाली असते. बॅटरी पूर्ण भरून, सफाईच्या सोयीने आरसा वर उचलून, तोंड खाली धरून रबरी फुग्याने हवा मारावी. तोंडाने फुंकर घालू नये, थुंकीचे कण बसतात. दाबाखालच्या हवेचा डबाही नको. त्यातला द्रव उडून डाग पडतो. एवढ्याने न निघालेला कण जाणत्या कारागिराकडे न्यावा. आणि कॅमेऱ्याचे स्क्रू तर घरी मुळीच खोलू नयेत. फ्लॅशसाठी आत साठवलेली वीज तीनशे व्होल्टच्या घरात असते, आणि बॅटरी काढल्यावरही ती काही काळ राहते.

दुसरी जागा त्याहून नाजूक, ती कार्डाची. कार्ड लिहून घेत नसेल, तर आधी त्याच्या कडेची कुलपाची चिमुकली पट्टी पाहावी. पुष्कळदा दोष तिचाच असतो. पण लग्नाची चित्रे असलेल्या कार्डावर कॅमेरा 'फॉरमॅट करा' असे सांगू लागला, तर 'हो' म्हणू नये. साधे फॉरमॅट करणे म्हणजे ग्रंथाची अनुक्रमणिका फाडणे. पाने बहुधा जागेवर असतात. मात्र त्यानंतर काढलेले प्रत्येक नवे चित्र त्या जुन्या पानांवर गिरवले जाते. 'लो-लेव्हल' म्हणून जो निराळा प्रकार असतो, त्याने तर पानेच कोरी होतात. म्हणून कार्ड तत्काळ बाहेर काढावे, कुलूप लावावे, आणि संगणकावर फोटोरेकसारख्या मोफत आज्ञावलीने चित्रे शोधावीत. सापडलेली चित्रे त्याच कार्डावर नव्हे, दुसरीकडे उतरवावीत. कॅमेरा नवा घेता येतो. वडिलांनी सुनेच्या डोक्यावर ठेवलेला हात पुन्हा टिपता येत नाही.

शेवटी आपल्या पावसाळ्याविषयी. कोकणात आणि मुंबईत बंद कातडी पिशवीत ठेवलेल्या लेन्सच्या भिंगावर बुरशीची जाळी धरते, आणि ती वरच्या लेपाला खाते. कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. निळे खडे गुलाबी झाले की बदलावेत. थंड खोलीतून दमट हवेत नेताना तो काही वेळ पिशवीतच राहू द्यावा, म्हणजे भिंगावर दव धरणार नाही. आणि महिन्यातून एकदा तरी बाहेर काढून चार चित्रे घ्यावीत.

एवढे करूनही तो बोलला नाही, तर कारागिराकडे जाताना 'बिघडला' असे सांगू नका. कोणती अक्षरे आली, कोणत्या लेन्सला आली, काय काय करून पाहिले, हे कागदावर लिहून न्या. त्याचा वेळ वाचेल, आणि तुमचे पैसेही.