सायकलवरचे गिऱ्हाईक आणि बोस्नियाचे तांबट

पैसे मोजून सुट्टीभर सायकल मारायची, ही कल्पना आपल्याकडे चमत्कारिक वाटेल. युरोपात मात्र तो रीतसर धंदा आहे. त्यातली एक सफर आपल्या वाचकांच्या विशेष कामाची. बोस्नियाच्या डोंगरातील सारायेवोहून निघायचे आणि मोस्तारमार्गे क्रोएशियातील दुब्रोवनिकला समुद्र गाठायचा. कामाची अशासाठी की, ही वाट मुस्लिम कारागिरांच्या जुन्या पेठांतून जाते.

सारायेवोच्या बाश्चार्शिया बाजारात कझानजिलुक ही तांबटांची गल्ली आहे. तेथे दुकानाला ‘दुचान’ म्हणतात आणि बरकतीला ‘बेरिचेत’. उस्मानी अमलाने दिलेले हे शब्द ऐकून आपला माणूस थबकेल. पुढे सुमारे हजार मीटर उंचीची इव्हान खिंड ओलांडली की नेरेत्वा नदीकाठी कोन्यित्स लागते. येथील लाकडावरचे कोरीवकाम २०१७ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेले.

मोस्तारचा पूल वाचकांना आठवत असेल. उस्मानी शिल्पकार हैरुद्दीनने १५६६ मध्ये पुरा केलेला हा पूल ९ नोव्हेंबर १९९३ रोजी क्रोएट तोफांच्या माऱ्याने नदीत कोसळला. २००४ मध्ये तो पुन्हा उभा राहिला आणि त्याच्या पायथ्याच्या तांब्याच्या दुकानांना पुन्हा गिऱ्हाईक आले.

पण कसले गिऱ्हाईक? दुब्रोवनिकहून बसने सकाळी येणारा प्रवासी पुलाचा फोटो काढतो, दोनचार दुकाने धुंडाळतो आणि संध्याकाळी परततो. घाईत त्याला कारखान्याचा माल आणि हातोडीचा माल यांतला फरक कळत नाही; स्वस्त असेल ते तो उचलतो. हाताने ठोकणाऱ्याची रोजी येथेच मारली जाते.

सायकलवाल्याचे तसे नाही. दिवसाकाठी पन्नास-साठ किलोमीटर झाले की त्याला मुक्काम हवा, जेवण हवे, पंक्चर काढणारा हवा. मोस्तारपासून दुब्रोवनिककडे जाणारा सुमारे १६० किलोमीटरचा ‘चिरो’ मार्ग पाहा. ऑस्ट्रियन राजवटीत १९०१ मध्ये येथे अरुंद रुळांची आगगाडी सुरू झाली व १९७६ मध्ये बंद पडली. रूळ गेले, पण गाडीसाठी काढलेला सौम्य चढ सायकलीच्या पथ्यावर पडला. राव्नो या लहान गावी जुन्या स्टेशनाचे हॉटेल झाले आहे. आगगाडी गेल्यावर ओस पडलेल्या गावांना असे गिऱ्हाईक म्हणजे मोठाच आधार.

अडचण एकच. सायकलीला दोन पिशव्या, त्यात तांब्याची परात कोण घालणार? म्हणून येथे लहान वस्तू चालते: कॉफीची छोटी ‘जेझवा’, कोरीव पेला, लाकडी डबी. ज्या सफरींत सामान मोटारीने पुढे जाते, तेथे मोठी वस्तूही खपू शकते. मुक्कामाला असलेला माणूस संध्याकाळी निवांत दुकानापुढे उभा राहतो, ठोके पाहतो, भाव विचारतो. आपल्या तांबट व सुतार बांधवांनी हे ध्यानात घ्यावे: काम डोळ्यांपुढे चालले असेल तर भावासाठी फार घासाघीस होत नाही.

चलनाचाही फायदा आहे. बोस्नियात ‘मार्क’ चालतो, तर क्रोएशियात १ जानेवारी २०२३ पासून युरो. सीमा ओलांडली की उरलेल्या मार्कांना कोणी विचारत नाही. साहजिकच ते अलीकडच्या शेवटच्या दुकानात खर्ची पडतात.