औषधालयाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन रक्कम कशी स्वीकारावी?

बीड जिल्ह्यातील वैद्यकव्यवसायाचे एक वैशिष्ट्य असे, की आपल्या रुग्णांपैकी अनेक जण वर्षातील काही महिने जिल्ह्याबाहेर असतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि गळीत हंगाम संपल्यावरच परततात. आमवात, ग्रहणी यांसारख्या जीर्ण व्याधींत चिकित्सा मध्येच खंडित होणे हितावह नाही. औषध पार्सलने पाठविता येते; प्रश्न उरतो तो मूल्य स्वीकारण्याचा.

२०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयमुळे क्यूआर कोडद्वारे पैसे घेणे सुलभ झाले. परंतु कोणती रक्कम कोणत्या रुग्णाच्या कोणत्या औषधाची, हा मेळ हातानेच घालावा लागतो. संकेतस्थळाशी पेमेंट गेटवे जोडल्यास हे काम आपोआप होते. ही जोडणी संगणकतज्ज्ञ करून देतो. तथापि तिचे मर्म औषधालयाच्या मालकाने जाणून घेणे आवश्यक आहे, असे आम्हांस वाटते.

संकेतस्थळ बहुधा जँगो किंवा लाराव्हेल यांसारख्या तयार चौकटीवर, म्हणजे फ्रेमवर्कवर, उभारलेले असते. रेझरपे, पेयू, कॅशफ्री आदी सेवा त्यास जोडता येतात. विक्रेत्यांच्या वतीने रक्कम गोळा करणाऱ्या अशा बिगर-बँक संस्थांना रिझर्व्ह बँकेची अनुज्ञा लागते. ती आहे किंवा कसे, हे प्रथम पाहावे.

रेझरपेचे उदाहरण घेऊन व्यवहाराचे चार टप्पे पाहू.

१) मागणीची नोंद : रुग्णाने औषध निवडताच आपला सर्व्हर गेटवेकडे मागणी नोंदवतो व तिचा क्रमांक मिळवतो. रक्कम पैशांत कळवायची असते. ३५० रुपयांसाठी ३५००० असे लिहावे लागते. किंमत सर्व्हरनेच ठरवावी. ग्राहकाच्या ब्राउझरमधून आलेला आकडा ग्राह्य धरल्यास तो कोणीही बदलू शकतो.

२) भरणा : रुग्ण गेटवेच्या खिडकीत यूपीआय वा कार्डाने रक्कम भरतो. कार्डाचा क्रमांक आपल्या संगणकात साठवू नये.

३) स्वाक्षरीची पडताळणी : भरणा झाल्यावर मागणी क्रमांक, भरणा क्रमांक व एक सांकेतिक स्वाक्षरी परत येते. आपल्याजवळील गुप्त किल्लीने सर्व्हर तीच स्वाक्षरी स्वतंत्रपणे तयार करतो. दोन्ही जुळल्या तरच व्यवहार खरा मानावा. केवळ ‘रक्कम मिळाली’ असे पान दिसले म्हणून औषध रवाना करू नये.

४) वेबहुक : रुग्णाने पैसे भरले आणि त्याच क्षणी फोनचे नेटवर्क गेले, तर तिसरा टप्पा घडतच नाही. उसाच्या फडात असे होणे मुळीच नवलाचे नाही. पैसे तर गेले, औषध मात्र निघाले नाही, अशी रुग्णाची अवस्था होते. यासाठी गेटवे थेट आपल्या सर्व्हरला निरोप धाडतो. त्यास वेबहुक म्हणतात. हा टप्पा कदापि गाळू नये.

येथे एक अडचण संभवते. परक्या ठिकाणाहून आलेला अर्ज नाकारण्याची संरक्षक व्यवस्था, म्हणजे सीएसआरएफ, जँगो व लाराव्हेल या दोहोंत असते. तीच वेबहुकलाही अडवते. म्हणून केवळ त्या एका पत्त्यास सूट द्यावी आणि त्याऐवजी वेबहुकची स्वतंत्र स्वाक्षरी तपासावी. तसेच एकच निरोप दोनदा येऊ शकतो. एका भरण्याची दोन पार्सले निघू नयेत म्हणून आधीची नोंद पाहूनच पुढील कृती व्हावी.

गुप्त किल्ली प्रोग्रॅमच्या मजकुरात लिहू नये व फोनवरील संदेशांतून पाठवू नये. प्रारंभी चाचणी पद्धतीत, खरे पैसे न गुंतवता, यशस्वी, अयशस्वी व अर्धवट असे तिन्ही प्रकारचे व्यवहार करून पाहावेत.

आणखी एक गोष्ट वैद्यकधर्माची. वत्सनाभ, भल्लातक यांसारखी अनुसूची ई-१ मधील द्रव्ये असणारी औषधे वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावयाची असतात. ती खुल्या विक्रीच्या पानावर न ठेवता, आपण तपासलेल्या रुग्णासच भरण्याचा दुवा पाठवावा. रक्कम स्वीकारण्याचे काम यंत्रावर सोपवता येते. औषध कोणास द्यावे, हा निर्णय वैद्याचाच राहिला पाहिजे.