संकलित मंडलातील तारांची दाटी

सिलिकॉनाच्या एकाच लहान तुकड्यावर, म्हणजे चिपवर, तयार केलेले ट्रँझिस्टर धातूच्या अतिसूक्ष्म पट्ट्यांनी परस्परांना जोडलेले असतात. या पट्ट्यांना तारा म्हणतात. चिपच्या एखाद्या भागात तारांना लागणारी जागा उपलब्ध जागेपेक्षा जास्त झाली म्हणजे तेथे दाटी निर्माण होते. दाटीमुळे काही जोडण्या अपुऱ्या राहतात किंवा लांबच्या वळणाने न्याव्या लागतात. लांब तारेचा रोध व धारकता जास्त असल्याने संदेश उशिरा पोहोचतो आणि चिपचा वेग घटतो.

कारणे : आय. बी. एम. कंपनीतील ई. एफ. रेंट यांनी १९६० मध्ये एक अनुभवसिद्ध संबंध शोधून काढला. बी. एस. लँडमन व आर. एल. रूसो यांनी तो १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. मंडलाच्या एखाद्या भागातून बाहेर जाणाऱ्या तारांची संख्या त्या भागातील द्वारांच्या (तर्कक्रिया करणाऱ्या लहान मंडलांच्या) संख्येच्या विशिष्ट घाताच्या प्रमाणात वाढते, असा हा संबंध आहे. हा घातांक ०·६ धरल्यास द्वारे चौपट झाली असता बाहेर जाणाऱ्या तारा सु. २·३ पट होतात. परंतु चौरस भागाची परिमिती केवळ दुप्पट होते. म्हणून मंडल मोठे होत जाते तसतशी तारांना जागा अपुरी पडू लागते.

एकाच थरातील दोन तारा एकमेकींना छेदू शकत नाहीत. त्यामुळे तारा अनेक थरांत मांडतात व लगतच्या थरांतील तारांच्या दिशा सामान्यतः परस्परांना लंब ठेवतात. आधुनिक प्रक्रियक चिपमध्ये असे दहापेक्षा अधिक थर असतात. तथापि केवळ थर वाढवून दाटी नाहीशी होत नाही. वरच्या थरातील तार ट्रँझिस्टरापर्यंत उतरविताना मधल्या प्रत्येक थरातील जागा अडते, शिवाय प्रत्येक थरागणिक खर्च वाढतो.

मापन व उपाय : चिपवर चौकटींचे जाळे कल्पून प्रत्येक कडेवरील मार्गांची व तेथून जाऊ पाहणाऱ्या तारांची संख्या यांची तुलना करतात. एखाद्या कडेवर २० मार्ग असून २४ तारा आल्यास ४ तारांची अतिरिक्त मागणी आहे, असे समजतात.

सी. वाय. ली यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या पद्धतीने दोन बिंदूंमधील सर्वांत लहान मोकळा मार्ग निश्चितपणे सापडतो. मात्र तारा एकामागून एक मांडल्यास आधीच्या तारा नंतरच्या तारांची वाट अडवितात. यावर एल. मॅकमर्ची व सी. एबलिंग यांनी १९९५ मध्ये ‘पाथफाइंडर’ ही पद्धत सुचविली. तीत प्रथम अनेक तारांना एकच मार्ग वापरू देतात व प्रत्येक फेरीत गर्दीच्या मार्गाचे मूल्य वाढवितात. ज्या तारांना पर्यायी मार्ग स्वस्त पडतो त्या बाजूला सरकतात. ज्यांना पर्याय नसतो त्यांच्यासाठी जागा मोकळी होते.

तथापि घटकांची मांडणीच सदोष असल्यास मार्ग शोधण्याची कोणतीही पद्धत पुरी पडत नाही. एम. ए. ब्रॉयर यांनी १९७७ मध्ये छेदरेषा ओलांडणाऱ्या तारा कमीत कमी राहतील अशी मांडणीची पद्धत दिली. दाट भागात घटकांमध्ये मुद्दाम रिकामी जागा ठेवल्यास तारांची एकूण लांबी किंचित वाढते, पण सर्व जोडण्या पूर्ण होतात. विद्युत् पुरवठ्याच्या तारा चिपच्या मागील बाजूस नेण्याची रचना इंटेल कंपनीने २०२३ मध्ये चाचणी चिपवर दाखविली. तीमुळे पुढील बाजूची जागा संदेशवाहक तारांना मिळते. घटक शक्य तितके जवळ आणणे व तारांना पुरेशी वाट ठेवणे या परस्परविरोधी गरजांचा समतोल मांडणीच्या टप्प्यातच साधावा लागतो.