पाच नद्यांचे माहेर

महाबळेश्वर हे सातारा जिल्ह्यातील थंड हवेचे ठिकाण आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंचीवर ते वसले आहे. जुन्या महाबळेश्वरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानला जातो. येथे निघालेली कृष्णा पुढे सांगलीवरून जाते व शेवटी बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत लाखो लोकांची तहान ती भागवते.

या डोंगरावर बहुतेक वर्षी ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. माथ्यावर सच्छिद्र जांभा खडक आहे. त्यातून पाणी आत मुरते. खाली कठीण काळा खडक लागला, की ते अडते आणि झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. झाडे आणि पालापाचोळा वाहत्या पाण्याचा वेग कमी करतात. म्हणून पाणी जमिनीत मुरायला वेळ मिळतो. झाडे तोडली व उतार खणले, तर तेच पाणी माती घेऊन वाहून जाते आणि उन्हाळ्यात झरे आटतात.

पर्यटनामुळे येथील लोकांना रोजगार मिळाला. पण हॉटेले, वाहने आणि कचराही वाढला. मग हा डोंगर कोणी राखायचा?

आपल्या राज्यघटनेत १९७६ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार पर्यावरणाचे रक्षण करणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरले. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळ येथे विषारी वायूची गळती होऊन हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला. याच कायद्याखाली केंद्र सरकारने १७ जानेवारी २००१ रोजी महाबळेश्वर-पाचगणी परिसर 'पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र' म्हणून जाहीर केला. येथे नव्या खाणींना बंदी आहे. परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. सांडपाणी शुद्ध न करता सोडता येत नाही.

तरीही बेकायदा बांधकामे होत राहिली. ती पाडण्याचे आदेशही निघाले. घर बांधू इच्छिणाऱ्या गावकऱ्याला हे नियम जाचक वाटतात, हेही खरे आहे. परंतु झरे आटले, तर पर्यटक येणार नाहीत आणि शेतीही पिकणार नाही. म्हणजे हा कायदा गावकऱ्याच्या भाकरीचेही रक्षण करतो.

कायदा कागदावर असतो. त्याला जिवंत ठेवण्याचे काम माणसांचे आहे.