जवारी

जवारी म्हणजे तंबोरा, सतार, सूरबहार, रुद्रवीणा यांसारख्या तंतुवाद्यांच्या घोडीच्या माथ्याला दिलेला अतिशय सूक्ष्म उतार आणि त्यामुळे तारेच्या नादात येणारा झंकार होय. हा शब्द ‘जव्हारी’ असाही लिहिला जातो. घोडीचा माथा घासून योग्य उतार साधण्याच्या क्रियेस ‘जवारी काढणे’ किंवा ‘जवारी लावणे’ म्हणतात. ही क्रिया स्वर जुळवण्याहून वेगळी आहे. खुंट्या व मणी यांच्या साहाय्याने तारेचा स्वर ठरतो, तर जवारीमुळे त्या स्वराचा पोत ठरतो. तार अचूक स्वरात असूनही जवारी बिघडली असेल, तर तंबोरा बोदा वाजतो.

रचना

व्हायोलिनच्या घोडीची धार अरुंद असते व तार तिच्यावर एका बिंदूत टेकते. तंबोऱ्याची घोडी मात्र रुंद असून तिचा माथा जवळजवळ सपाट दिसतो. प्रत्यक्षात तो दांडीच्या दिशेने किंचित उतरता असतो, त्यामुळे तार माथ्याला हलकेच स्पर्श करत पुढे जाते. तंबोऱ्यात तार व घोडी यांच्यामध्ये सुती किंवा रेशमी दोरा सरकवतात. तो मागेपुढे करून प्रत्येक तारेचा झंकार स्वतंत्रपणे खुलवता येतो. पूर्वी घोडीसाठी हस्तिदंत व सांबरशिंग वापरत. हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आल्यानंतर उंटाचे हाड, शिसवीसारखे कठीण लाकूड व कृत्रिम पदार्थ वापरले जाऊ लागले.

नादनिर्मिती

तार कंप पावत असताना घोडीच्या उताराला वारंवार टेकते व सुटते. त्यामुळे तिची कंप पावणारी लांबी क्षणोक्षणी किंचित बदलते आणि मूळ स्वराबरोबर अनेक उपस्वर ठळक होतात. खर्जाच्या तारेतून ऐकू येणारा ‘स्वयंभू गंधार’ हा असाच पाचवा उपस्वर होय.

सर्वसाधारण नियमानुसार तार ज्या बिंदूवर छेडली जाते, तेथे ज्या उपस्वरांचा निश्चल बिंदू असतो, ते उपस्वर नादात उमटत नाहीत. तार बरोबर मध्यावर छेडल्यास सम क्रमांकांचे उपस्वर अनुपस्थित असावयास हवेत. तंबोरा व वीणा यांच्या बाबतीत मात्र ते स्पष्ट ऐकू येतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात याकडे लक्ष वेधले आणि त्याचे कारण घोडीच्या विशिष्ट रचनेत असल्याचे दाखवले.

जवारी काढण्याची रीत

सततच्या वादनाने तारेखाली घोडीवर बारीक चरे पडतात व झंकार मंदावतो. अशा वेळी कारागीर तारा सैल करून बाजूला घेतो, बारीक कानशीने माथा घासतो आणि गुळगुळीत करतो. मग तार पुन्हा स्वरात आणून तो नाद ऐकतो व आवश्यकतेनुसार पुन्हा घासतो. सतारीत प्रत्येक पडद्यावर आणि मींड घेतानाही झंकार सारखा राहतो की नाही, हे तपासावे लागते. या कामाचे अंतिम माप कानच ठरवतो. घासलेला भाग परत भरून येत नसल्यामुळे हात किंचित अधिक चालला, तरी घोडी वाया जाऊ शकते. वारंवार घासल्याने घोडीची उंची घटते, तारा पडद्यांच्या अधिक जवळ येतात आणि कालांतराने घोडी बदलावी लागते.

माथा अधिक सपाट ठेवल्यास झंकार तेजस्वी होतो. तिला ‘खुली’ जवारी म्हणतात. उतार अधिक गोलसर असल्यास नाद संयत होतो. ती ‘बंद’ जवारी होय. सतारवादकांमध्ये पंडित रविशंकर यांचा नाद खुल्या, तर उस्ताद विलायत खाँ यांचा नाद बंद जवारीचा मानला जातो.

गिटारशी तुलना

इलेक्ट्रिक गिटारमध्येही तारांची उंची काळजीपूर्वक लावावी लागते, परंतु हेतू उलट असतो. तारा पडद्यांपासून फार उंच असल्यास बोटांना अधिक दाब द्यावा लागतो. फार खाली असल्यास तार पडद्यांवर आपटून खरखरते. म्हणून मानेतील पोलादी सळई पिळून मानेचा बाक आधी ठरवतात व नंतर घोडीवरील स्क्रूने उंची लावतात. बाराव्या पडद्यावर ती साधारणतः १.५ ते २ मिलिमीटर असते. गिटारमध्ये दोष समजला जाणारा तारेचा स्पर्श जवारीत नियंत्रित करून गुण बनवला जातो. १९६७ साली अमेरिकेत तयार झालेल्या ‘कोरल’ इलेक्ट्रिक सतारीला गिटारसारखी रचना ठेवून मुद्दाम झंकार देणारी रुंद घोडी बसवली होती.

मिरजेची परंपरा

महाराष्ट्रात जवारीच्या कारागिरीचे प्रमुख केंद्र सांगली जिल्ह्यातील मिरज हे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शिकलगार समाजातील फरीदसाहेब यांनी येथे तंतुवाद्ये घडवण्यास प्रारंभ केला आणि त्यांच्या घराण्याला ‘सतारमेकर’ हे नाव मिळाले. वाद्यांसाठी लागणारे भोपळे मुख्यतः पंढरपूर परिसरातून येतात. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे वास्तव्य मिरजेत होते; तंबोऱ्याच्या नादाविषयी ते अत्यंत दक्ष होते व वाद्यदुरुस्तीही जाणत. २०२४ साली मिरजेची सतार व तंबोरा यांना भौगोलिक मानांकन मिळाले.

इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याला जवारी काढावी लागत नाही. त्याच्या प्रसारामुळे पारंपरिक वाद्याचा नित्य वापर घटला आहे. जवारीचे कौशल्य मुख्यतः गुरूजवळ बसून, ऐकून आणि घासूनच आत्मसात होते. त्यामुळे ते टिकणे वाद्याच्या प्रत्यक्ष वापरावर अवलंबून आहे.