तिरपं ‘माले’

पुण्याहून पौडमार्गे ताम्हिणी घाटाकडे निघालं की मुळशी धरणाच्या परिसरात माले लागतं. गावाचं नाव दोनच अक्षरांचं. पण ते जाड, तिरपं आणि ठोकळ्यासारख्या पायांचं करायला घेतलं, तर अक्षरकाराला घाम फुटतो.

ठोकळ्याचे पाय हे मूळचं रोमन लिपीचं प्रकरण. १९व्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये जाहिरातींचा सुकाळ झाला आणि पुस्तकातलं नाजूक अक्षर भिंतीवर फिकं पडू लागलं. मग छपाईचे खिळे ओतणाऱ्या ओतशाळांनी अक्षराच्या टोकांचे बारीक पाय जवळपास दांडीइतके जाड केले. हाच स्लॅब सेरिफ. नेपोलियनच्या स्वारीनंतर युरोपला इजिप्तचं वेड लागलं होतं, त्या भरात या अक्षरांना ‘इजिप्शियन’ म्हणू लागले. पिरॅमिडशी त्यांचा संबंध शून्य! १८४५ मध्ये रॉबर्ट बेस्लीच्या ओतशाळेने ‘क्लॅरेंडन’ हा याच घाटाचा टाइप काढला आणि त्याची कायदेशीर नोंदणीही केली. संरक्षण मिळालं तीनच वर्षांचं. पुढे नकलांचा पूर आला.

मराठीला हा साज जसाच्या तसा बसत नाही. रोमन अक्षर जमिनीवर उभं राहतं, आपलं शिरोरेषेला लटकतं. म्हणजे ठोकळा आधीच डोक्यावर आहे. ‘माले’मध्ये म, काना आणि (दांडीचा) ल अशा तीन उभ्या दांड्या. त्यांना खाली पाय लावले तर एकवेळ खपेल. पण ‘मुळशी’त म च्या दांडीखाली उकार येतो आणि पाय थेट त्याच्या अंगावर जातो.

तिरपेपणाचं दुखणं वेगळंच. संगणकाने अक्षर नुसतं उजवीकडे ढकललं की दांड्या कलतात, शिरोरेषा आडवीच राहते. ‘ले’वरची मात्रा मुळात डावीकडे झुकलेली, ती या ढकलण्यात उभी होते आणि फुगतेही. त्यात जाडी वाढवली की म ची गाठ बुजून काळा ठिपका उरतो. हे सगळं हाताने दुरुस्त करावं लागतं.

अक्षरकार र. कृ. जोशींच्या ‘मंगल’ या फॉन्टला स्वतःचं तिरपं रूप नाही; इटॅलिकचं बटण दाबलं की दिसतं ते हेच ढकललेलं अक्षर. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे ‘अपराजिता’, ‘कोकिला’ आणि ‘उत्साह’ विंडोज ७ सोबत आले, ते मात्र साधा, ठळक, तिरपा आणि ठळक-तिरपा अशा चार रूपांत. स्लॅब नव्हेत, पण ठळक-तिरप्याची सोय आहे. अक्षरकार कमल शेडगेंनी तर फॉन्टची वाटच पाहिली नाही; नाटकांची नावं त्यांनी हाताने रेखाटली, ज्या त्या नाटकाच्या स्वभावाची.

म्हणून दुकानाची पाटी किंवा जत्रेचा फ्लेक्स करायला टाकाल, तेव्हा निवडलेल्या फॉन्टला स्वतःचं तिरपं रूप आहे का, एवढं विचारा. नसेल तर सरळच ठेवायला सांगा.