तणावजन्य डोकेदुखीवरील वनौषधी

तणावजन्य डोकेदुखी हा डोकेदुखीचा सर्वाधिक आढळणारा प्रकार आहे. कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखी, बहुधा दोन्ही बाजूंना जाणवणारी ही वेदना अर्ध्या तासापासून सात दिवसांपर्यंत टिकते. अर्धशिशीतील मळमळ-उलटी तीत नसते. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण अर्धशिशीवरील चाचण्यांचे निष्कर्ष सर्रास सगळ्याच डोकेदुखींना लावले जातात.

महाराष्ट्रात सहाणेवर उगाळलेल्या सुंठेचा लेप कपाळावर लावण्याची जुनी रीत आहे. सुंठेतील तिखट घटक त्वचेतील उष्णतासंवेदी चेताग्रांना उद्दीपित करतात, म्हणून लेप चुरचुरतो. आल्याच्या चाचण्या मात्र प्रामुख्याने अर्धशिशीवर, आणि त्याही पोटातून दिलेल्या औषधाच्या आहेत. लेपाच्या बाजूने त्यांचा दाखला देता येत नाही.

पेपरमिंट तेल

या प्रकारात सर्वांत ठोस पुरावा पेपरमिंट तेलाचा आहे. पेपरमिंट ही पुदिन्याच्या वर्गातील संकरित वनस्पती असून तिच्या तेलातील मेंथॉल त्वचेतील शीतसंवेदी ग्राहींना चेतवते. त्वचेचे तापमान न उतरताही गारवा जाणवतो तो यामुळेच. जर्मनीत १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४१ रुग्णांच्या १६४ वेळच्या डोकेदुखीचा अभ्यास झाला. अल्कोहोलमधील १० टक्के तेल कपाळ व कानशिलांवर लावल्यावर १५ मिनिटांत वेदना लक्षणीय कमी झाली आणि १००० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलच्या तुलनेत परिणामात लक्षणीय फरक आढळला नाही. वास लपवता येत नसल्याने तुलनेच्या निष्क्रिय द्रावातही तेलाचा अंश मिसळला होता. तरीही गारव्यावरून खरे औषध ओळखू येण्याची शक्यता उरतेच. अशा सर्वच बाह्योपचारांच्या चाचण्यांची ही अडचण आहे. शिवाय चाचणी लहान होती. बाजारातील बामांत कापूर, निलगिरी तेल इत्यादींचे मिश्रण असल्याने हा निष्कर्ष त्यांना जसाच्या तसा लागू होत नाही.

बाह्योपचाराला महत्त्व येण्याचे आणखी एक कारण आहे. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, अशा तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्यास त्यांच्यामुळेच डोकेदुखी जडू शकते.

दक्षता

तेल डोळ्यांजवळ किंवा जखमेवर लावू नये. तान्ह्या व लहान मुलांच्या नाकाजवळ मेंथॉल वा कापूर लावल्यास स्वरयंत्र आकुंचन पावून श्वास अडकू शकतो. अचानक उद्भवलेली तीव्र डोकेदुखी, तसेच ताप, मान ताठरणे किंवा अंगाची एक बाजू लुळी पडणे यांसह येणारी डोकेदुखी तणावजन्य समजू नये. तिच्यासाठी तातडीने वैद्यकीय तपासणी आवश्यक असते.